तीनशेचे साडेचारशे

२४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेन्टियम २, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत १४९ डॉलर. पहिला ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी, दुसरा बाकीच्यांसाठी. लवकरच हौशी लोकांच्या लक्षात आलं, की या दुसऱ्या प्रोसेसरच्या कडेला जी सोनेरी पट्ट्यांची रांग असते, तिच्यातल्या एका पट्टीवर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवला की तो ४५० मेगाहर्ट्झवर चालायला लागतो. बहुतेक वेळा रडतखडत नव्हे, छान चालतो. खेळांमध्ये तर साडेचार पट महागाच्या त्या पहिल्या प्रोसेसरच्या मांडीला मांडी लावून बसतो.

मी तेव्हा दोन वर्षांची होते. पण ओव्हरक्लॉकिंग या उद्योगाबद्दल मला जे काही कुतूहल आहे ते सगळं या एका चिपपाशी येऊन थांबतं. प्रोसेसरवर छापलेला वेग आणि त्याला प्रत्यक्षात झेपणारा वेग यांत कायम थोडं अंतर असतं. ते अंतर कुणाच्या मालकीचं? चिप बनवणाऱ्याचं, विकणाऱ्याचं, की विकत घेणाऱ्याचं? गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललंय, आणि ज्या काळात ते माझ्यासारखीच्या हातात आलं, तेव्हा त्यात फारसं काही उरलेलं नव्हतं.

मुळात हा वेग ठरतो कसा? प्रोसेसरच्या आत एक ठोका वाजत असतो. प्रत्येक ठोक्याला आतली लाखो-कोटी फाटकं एक पाऊल पुढे टाकतात. ठोका किती वेगाने द्यायचा हे मदरबोर्डवरचा क्वार्ट्झचा स्फटिक ठरवतो. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ होता आणि त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. हा आकडा शाळकरी मुलांच्या सामान्यज्ञानात असायचा. पण चारवर सत्त्याहत्तरच का, हे फार कुणी विचारत नसे. खरं तर तो ८०८८ पाच मेगाहर्ट्झचा होता. पण अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या सिग्नलला ३.५८ मेगाहर्ट्झची एक लहर लागते. आयबीएमला पीसी टीव्हीलाही जोडता यायला हवा होता आणि एका स्फटिकात भागलं तर दुसऱ्याचे पैसे वाचणार होते. म्हणून त्यांनी त्या लहरीच्या चौपट, १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवला. त्याला चाराने भागलं की टीव्हीचा आकडा, तिनाने भागलं की प्रोसेसरचा. म्हणजे ज्या मशीनपासून ही सगळी गोष्ट सुरू होते, ते मशीनच आपल्या कुवतीपेक्षा किंचित हळू चालत होतं, आणि त्याचं कारण सिलिकॉनमध्ये कुठेच नव्हतं.

तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, आयबीएमने एटी आणला. प्रोसेसर ८०२८६, वेग ६ मेगाहर्ट्झ. यातला स्फटिक १२ मेगाहर्ट्झचा होता आणि तो सॉकेटमध्ये नुसता बसवलेला होता. लोकांनी तो उपटून १६ मेगाहर्ट्झचा घातला आणि ८ मेगाहर्ट्झचं मशीन मिळवलं. तीनेक हजार डॉलरच्या पुढे पैसे मोजलेल्या माणसाने काही डॉलरच्या स्फटिकात एक तृतीयांश वेग वाढवून घ्यायचा, हे आयबीएमला रुचलं नाही. पुढच्या बायॉसमध्ये त्यांनी मशीन सुरू होतानाच वेग मोजणारी तपासणी घातली; वेग जास्त निघाला तर मशीन पुढे जायलाच नकार देई. आणि मग १९८६ मध्ये आयबीएमने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला. आधी कुलूप लावायचं आणि मग किल्ली विकायची, हा क्रम इथे पहिल्यांदा दिसतो. तो पुढे पुन्हा येणार आहे.

(जाता जाता: जुन्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं, ते अनेकांना आठवत असेल. ते वेग वाढवायला नव्हतं, कमी करायला होतं. जुने खेळ ४.७७चा ठोका धरून लिहिलेले असत. वेगवान मशीनवर त्यांतली पात्रं पिसाटल्यासारखी धावायची, म्हणून मशीनला मुद्दाम हळू करायची सोय.)

आता हे झेपणाऱ्या वेगाचं अंतर येतं कुठून, ते सांगायला हवं. एका गोल सिलिकॉनच्या चकतीवर एकाच वेळी शेकडो चिप कोरल्या जातात. सगळ्यांचा आराखडा तोच, पण सगळ्या सारख्या निघत नाहीत. चकतीच्या कुठल्या भागातून आली, थर किती जाड बसला, यावर एखादी जास्त वेग सोसते, एखादी कमी. मग कारखान्यात तपासणी होऊन त्यांची प्रतवारी लागते. आंब्याची लागते तशीच. फरक हा की आंब्याच्या बाजारात मोठं फळ लहान फळाच्या पेटीत भरायची वेळ सहसा येत नाही. चिपच्या बाजारात ती सतत येते. कारखाना जसजसा सरावतो तसतशी जवळजवळ प्रत्येक चिप वरच्या प्रतीची निघायला लागते. गिऱ्हाइकं मात्र स्वस्त मालच जास्त मागतात. मग वरच्या प्रतीच्या चिपवर खालचा आकडा छापून ती स्वस्तात विकली जाते. त्या आकड्यात भौतिकशास्त्राइतकंच विक्री विभागाचंही म्हणणं असतं.

हे कळलेले पहिले लोक हौशी नव्हते, चोर होते. नव्वदच्या दशकात खालच्या प्रतीच्या पेन्टियमवरचा छाप घासून त्यावर वरचा आकडा छापायचा आणि महागात विकायचं, हा धंदा जगभर चालला. तेव्हा मदरबोर्डवर छोटे जम्पर असत; बसचा वेग ६० की ६६, गुणक दीड, दोन, अडीच की तीन, हे त्या जम्परांवर ठरे. १३३चा पेन्टियम १६६वर लावला तर तो बहुधा चालायचाच. त्यामुळे फसवलं गेलेल्या माणसाला आपण फसलोय हे कळायचंही नाही, कळलं तर मे महिन्यात, मशीन हँग व्हायला लागल्यावर.

माझा मामा त्या काळात सांगलीत कॉम्प्युटर असेम्बल करून विकायचा. रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर हिंडून माल घ्यायचा आणि रात्री परत निघायचं. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते नाव घेऊन पत्ता विचारलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.) तो सांगतो, की प्रोसेसर हातात घेतला की आधी अक्षरांवरून नख फिरवायचं, मग उजेडात तिरका धरून बघायचा. घासलेला पृष्ठभाग वेगळा चमकतो. प्रोसेसर मांडीवरच्या पिशवीत, रॅम शर्टाच्या खिशात, मॉनिटर मात्र ट्रान्सपोर्टने.

या भेसळीवर इंटेलने उपाय काढला तो गुणकच चिपमध्ये कायमचा बंद करून टाकण्याचा. १९९८ च्या सुमाराला येणारे त्यांचे प्रोसेसर असे कुलूपबंद असत. कारण चोरीचं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच कुलपाने हौशी माणसाचाही रस्ता बंद झाला, याचं कंपनीला वाईट वाटलं असण्याचं कारण नाही. एक वाट मात्र उघडी राहिली. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. गुणक बंद असला तरी बस मदरबोर्डच्या ताब्यात होती.

सेलेरॉन ३००ए तिथे येतो. त्याचा गुणक साडेचार. बस ६६ ची, म्हणून ३००. बस १०० ची केली की सरळ ४५०. आणि १०० ही बस त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या इंटेलच्याच ४४०बीएक्स चिपसेटला अधिकृतपणे येत होती. हा योग किती दुर्मीळ होता हे समजायला थोडं आत शिरावं लागेल. बसचा वेग वाढवला की तिच्यावर अवलंबून असलेलं बाकी सगळंही पळायला लागतं. पीसीआयचे स्लॉट ३३ मेगाहर्ट्झचे. ६६ च्या बसला ते निम्म्याने चालतात. बस ८३ केली तर पीसीआय ४१ च्या वर जातं, आणि हार्डडिस्कवरच्या फायली खराब होण्याची भीती सुरू होते. बस १०० केली, की मात्र बीएक्सचा चिपसेट आपोआप तिनाने भागायला लागतो आणि पीसीआय पुन्हा ३३ वर येतं. ग्राफिक्स कार्डाचा एजीपी स्लॉटही दोन तृतीयांशाने ६६ वर. म्हणजे प्रोसेसर दीडपट पळतोय आणि बाकी मशीनला त्याची गंधवार्ता नाही.

दुसरी गोष्ट कॅशची. पहिला सेलेरॉन १९९८ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा इंटेलने किंमत उतरवायला त्याची लेव्हल २ कॅश काढूनच टाकली होती. तो इतका मंद निघाला की सगळीकडून टीका झाली. म्हणून ३००ए मध्ये १२८ केबी कॅश घातली, आणि तीही चिपच्या आतच, पूर्ण वेगाने चालणारी. १ कोटी ९० लाख ट्रान्झिस्टर. महागड्या पेन्टियम २ ची कॅश चौपट मोठी, ५१२ केबी. पण ती शेजारच्या वेगळ्या चिपांमध्ये, निम्म्या वेगाने चालणारी. ४५० वर नेलेल्या सेलेरॉनची छोटी कॅश ४५० ने धावत होती, पेन्टियम २ ची मोठी कॅश २२५ ने. क्वेक २ सारख्या खेळात हा हिशोब बरोबरीला सुटायचा. स्वस्त माल बरा करायला गेलेल्या इंटेलने आपल्याच महागड्या मालाला स्पर्धक तयार केला होता.

उरला प्रश्न मदरबोर्डला सांगायचं कसं. प्रोसेसरच्या कडेची बी२१ नावाची पट्टी बोर्डाला ‘मी ६६ वाला’ असं कळवते. तिच्यावर टेप लावा किंवा नेलपॉलिशचा ठिपका द्या. निरोप पोचत नाही आणि बोर्ड १०० धरून चालतो. ज्यांच्याकडे तैवानच्या अबिट कंपनीचा बीएच६ होता त्यांना तेवढंही करावं लागत नसे. अबिटने जम्पर काढून बसचा वेग आणि व्होल्टेज थेट बायॉसच्या पडद्यावर आणून ठेवलं होतं. तोवर उघड्या कॅबिनेटमध्ये टॉर्च धरून करायचं काम बाणाच्या बटणांवर आलं.

आणि हे सगळं सांगणारे कोण होते? एक थॉमस पाब्स्ट नावाचा जर्मन डॉक्टर, खराखुरा, वैद्यकी शिकलेला, ज्याने १९९६ पासून टॉम्स हार्डवेअर चालवलं. दुसरा आनंद लाल शिंपी, ज्याने १९९७ मध्ये आनंदटेक सुरू केलं तेव्हा तो १४ वर्षांचा होता. प्रोसेसरच्या अंतरंगावर इतकी बारकाईने लिहिणारी माणसं प्रोसेसर कंपन्यांच्या बाहेर याआधी जवळजवळ नव्हतीच. लोक आपापल्या चिपवरचे आठवड्याचे कोड आणि मलेशिया की कोस्टा रिका हे छापलेलं देशाचं नाव टिपून ठेवत, कुठल्या खेपेची जास्त पळते याचे अंदाज बांधत. नशिबाला आकडेशास्त्राचं रूप द्यायचा तो उद्योग होता.

मामाच्या हाती पहिला ३००ए १९९९ मध्ये लागला. टेपची युक्ती त्याला लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने कागदावर आकृती काढून दाखवली. मी त्याला एकदा विचारलं, “मामा, तू गिऱ्हाइकांना असले पळवलेले कॉम्प्युटर विकायचास?”

“विकायचो की. पण आधी सांगून. दोन रात्री चालू ठेवायचो, टेबलफॅन लावून. टिकला तर देताना सांगायचो, की हा तीनशेचा आहे, साडेचारशेनं लावलाय, हँग झाला तर घेऊन या, खाली आणून देतो. बिलावर तीनशेच लिहायचं, पैसेही तीनशेचेच.”

“आणि कुणी आणला परत?”

“उन्हाळ्यात येणारच गं चार-दोन. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत ठेवतात लोक.”

हे ऐकल्यापासून मला छाप घासणारा भामटा, मामा आणि इंटेल हे तिघं एका रांगेत दिसतात. तिघांनाही माहीत आहे, की चिपवरचा आकडा आणि तिची कुवत यांत अंतर आहे. भामटा ते अंतर लपवून स्वतःच्या खिशात घालतो. इंटेल ते न सांगता राखून ठेवते, म्हणजे महाग चिप महाग राहते. मामा ते बिलावर न लिहिता गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो, धोक्यासकट. सांगलीतल्या ज्या घराने एका कॉम्प्युटरसाठी वर्षभर पैसे साठवले असतील, त्याच्या दृष्टीने या तिघांत फार मोठा फरक होता.

यापुढचा दोन-तीन वर्षांचा काळ या छंदाचा सुवर्णकाळ म्हणता येईल. १९९९ मध्ये अबिटने बीपी६ काढला, ज्यात दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसायचे. दोन प्रोसेसरचं मशीन ही तोवर महागड्या सर्व्हरची गोष्ट होती आणि सेलेरॉन जोडीने चालावा अशी इंटेलची मुळीच इच्छा नव्हती. २००० मध्ये एएमडीचे ड्यूरॉन आणि थंडरबर्ड अॅथलॉन आले. यांचा गुणक बंद करायला एएमडी चिपच्या वरच्या बाजूचे तांब्याचे बारीक पूल लेझरने तोडत असे. पण शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. टोक काढलेल्या पेन्सिलीने ते पूल गिरवले, की कुलूप उघडलं. ६०० चा ड्यूरॉन ८००, ९०० वर जायचा. पेन्सिलीने वेगवान होणारी ही बहुधा इतिहासातली एकमेव यंत्रसामग्री. पुढच्या पिढीत एएमडीने पुलांच्या जागी लेझरने खड्डेच पाडले. लोकांनी ते आधी गोंदाने बुजवले आणि वरून वीजवाहक रंगाने रेघ ओढली.

याच वर्षी ही सगळी गोष्ट उलटीही झाली. एएमडी आणि इंटेल यांच्यात १ गिगाहर्ट्झला आधी कोण पोचतं अशी शर्यत होती. मार्च २००० मध्ये एएमडीने ती दोन दिवसांनी जिंकली. चिडलेल्या इंटेलने जुलैच्या शेवटी १.१३ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ३ जाहीर केला. पाब्स्टने तो तपासला, तर त्याच्यावर लिनक्सचं कर्नल कम्पाइलही होईना. आणखीही काही परीक्षकांना तेच आढळलं. महिन्याभरात इंटेलने तो प्रोसेसर बाजारातून परत बोलावला. इतकी वर्षं ‘छापलेल्या वेगापलीकडे जाऊ नका’ म्हणणाऱ्या कंपनीने स्वतःच चिपच्या कुवतीपलीकडचा आकडा छापला होता, आणि तो पकडला कुणी, तर चिपची कुवत तपासण्यात हयात घालवणाऱ्या हौशी मंडळींनी. मला या प्रसंगाचा जरा जास्तच आनंद होतो, हे कबूल आहे.

मग भौतिकशास्त्र आडवं आलं. चिपमधली उष्णता ठोक्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३००ए ला ४५० वर नेताना व्होल्टेज सहसा दोनच्या दोन राहायचं, म्हणून उष्णता फक्त दीडपट व्हायची. सुमारे १९ वॅटचे २८. अंगठ्याएवढ्या पंख्याला झेपेल इतकंच. पण ट्रान्झिस्टर जसे लहान होत गेले तसं व्होल्टेज त्या प्रमाणात उतरवता येईना, वीज गळायला लागली. पेन्टियम ४ ची रचना १० गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याची भाषा एकेकाळी होती. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ सुद्धा रद्द केला. तो ३.८ वर थांबला आणि सगळा उद्योग जास्त वेगाऐवजी जास्त कोरांकडे वळला.

वेग महाग झाल्यावर ते जुनं अंतर कंपन्यांना दिसलं. नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलने टर्बो बूस्ट आणलं: चिप थंड असेल, काम मोजक्याच कोरांवर असेल, तर ती स्वतःच आपला वेग वाढवून घेते. जे मामा टेबलफॅन लावून दोन रात्रींत ठरवायचा, ते चिप आता सेकंदाच्या बारीक अंशात स्वतः ठरवायला लागली. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या सँडी ब्रिज पिढीत तर बसचा एकच ठोका जवळजवळ सगळ्या मशीनला जोडून टाकला. तो चार-पाच टक्क्यांहून जास्त हलवला की सगळंच डळमळतं. बसची जुनी वाट संपली. वेग वाढवायचा असेल तर ज्याच्या नावापुढे ‘के’ आहे असा, खुल्या गुणकाचा प्रोसेसर घ्यायचा. आय७-२६०० ची किंमत २९४ डॉलर, २६००के ची ३१७. तेवीस डॉलर हा कुलूप न लावण्याचा दर.

एटीच्या वेळचा क्रम आता पूर्ण झाला होता. २०१० मध्ये तर इंटेलने एका पेन्टियमसोबत ५० डॉलरचं कार्ड विकून पाहिलं: त्यावरचा कोड घातला की चिपमध्ये आधीपासून असलेली, पण बंद ठेवलेली कॅश आणि हायपरथ्रेडिंग सुरू व्हायचं. लोकांनी इतकी टिंगल केली की तो प्रयोग गुंडाळावा लागला. २०१२ पासून वीस-पंचवीस डॉलरमध्ये ओव्हरक्लॉकिंगचा विमाही मिळायचा. व्होल्टेज वाढवून चिप जाळलीत तर एकदा बदलून देऊ. हा विमा जवळजवळ दशकभर चालला. मला तो प्रामाणिक वाटतो. निदान धोक्याची किंमत उघड लिहिलेली होती.

२०२३ मध्ये मी पुण्यात माझं पहिलं मशीन बांधलं ते या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून. दिवसभर ज्या लॅपटॉपवर मी काम करते तो कंपनीचा आहे. त्याचा एक स्क्रूसुद्धा मी काढू शकत नाही. मला असं काहीतरी हवं होतं जे मी उघडू शकते. रायझन ५६००, बी५५० चा बोर्ड, डीडीआर४ ची १६ जीबी रॅम, वेगळा मोठा कूलर. मामाने एकच आग्रह धरला: “बाकी काय वाट्टेल ते घे, पण एसएमपीएसवर पैसे वाचवू नकोस.” थर्मल पेस्ट लावताना मी त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. मटारएवढा ठिपका पुरतो की पातळ थर पसरायचा, यावर आमचं एकमत झालं नाही.

एएमडीच्या या प्रोसेसरचा गुणक खुला असतो. टेप नको, पेन्सिल नको. बायॉसमध्ये मी सहाही कोर ४.६ गिगाहर्ट्झला बांधले, व्होल्टेज १.३५ दिलं आणि प्राइम९५ चालू केलं. (हा प्रोग्रॅम मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला आहे. त्याची उत्तरं आधीच माहीत असतात, म्हणून चिप कुठे चुकली ते लगेच कळतं. गणितज्ञांचं अवजार ओव्हरक्लॉकरांनी पळवलं.) आधी सगळे कोर कामाला लावल्यावर चिप स्वतःहून ४.२ च्या आसपास चालायची, साधारण १.२ व्होल्टवर. कागदावर हिशोब केला: वेगात साडेनऊ टक्के वाढ, उष्णतेत अडतीस-एकोणचाळीस टक्के. तापमान ७२ वरून ८८ अंशांवर गेलं, कूलरचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला, आणि माझा जो प्रोजेक्ट कम्पाइल व्हायला चार मिनिटं बारा सेकंद लागायचे, तो तीन मिनिटं चोपन्न सेकंदांत झाला.

अठरा सेकंद. मामाच्या गिऱ्हाइकाला दीडपट मशीन मिळायचं.

म्हणून मी ते सगळं मूळपदावर आणलं आणि उलट दिशेने निघाले. या पिढीच्या रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. कारखान्याने प्रत्येक वेगासाठी ठरवून दिलेलं व्होल्टेज तिच्यात कोरागणिक थोडं थोडं कमी करता येतं. कारण व्होल्टेजही सावधपणे, थोडं जास्तच ठरवलेलं असतं. व्होल्टेज उतरलं की उष्णता उतरते, उष्णता उतरली की चिपच्या आतली ती स्वयंचलित यंत्रणा आपणहून वेग वाढवते. अंतर अजून आहे तर. फक्त ते आता वेगात नाही, व्होल्टेजमध्ये लपलंय, आणि तिथे अजून किंमतीची पाटी लागलेली नाही.

पुढच्याच वर्षी त्याच अंतराची दुसरी बाजू दिसली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रतीच्या प्रोसेसरांचे मालक खेळ मध्येच बंद पडल्याच्या तक्रारी करत होते. यातल्या बहुतेकांनी बायॉसला हातही लावलेला नव्हता. २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं, की चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्याने ती आतून झिजत होती. मदरबोर्ड कंपन्यांनीही परीक्षणात आपला बोर्ड पुढे दिसावा म्हणून विजेच्या मर्यादा मुळातच सैल ठेवलेल्या होत्या. इंटेलने ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेली चिप मायक्रोकोडने भरून येत नाही. २००० साली १.१३ गिगाहर्ट्झ परत बोलावला तेव्हा अशा चिप थोड्याच लोकांच्या घरी पोचल्या होत्या. या वेळी त्या दोन पिढ्यांच्या मशीनमध्ये बसलेल्या होत्या. या लोकांची मशीनं कुणीतरी पळवून ठेवली होती, आणि मामासारखं ‘हँग झाला तर घेऊन या’ असं सांगितलं नव्हतं.

मामाकडचा ३००ए त्याच्या टेबलाच्या खणात आहे. बोर्ड गेला, त्या काळच्या अनेक बोर्डांसारखे त्याचेही कपॅसिटर फुगले. बी२१ वरच्या टेपचा गोंद वाळून पिवळा झालाय, पण तुकडा जागेवर आहे.

माझ्या सहा कोरांचे सहा स्वभाव निघाले, ते शोधायला मला जवळपास तीन आठवडे लागले. रोज रात्री एकेका कोरला थोडं खाली आणायचं, प्राइम९५ लावून झोपायचं, सकाळी चहाच्या आधी बघायचं. दोन कोर उणे तीसवरही बिनतक्रार चालतात, तिघं उणे बावीस ते पंचवीसच्या मध्ये आहेत. तिसऱ्या क्रमांकाचा कोर मात्र उणे बाराच्या खाली ऐकत नाही, आणि मे महिन्यात दुपारी खोली तापली की त्याला उणे आठवर आणावं लागतं.